किरणोत्सारी मूलद्रव्ये, क्ष-किरणांचे यंत्र आणि बी.एस्सी.चे तिसरे वर्ष

(राजारामपुरी, कोल्हापूर येथून एका आईने लिहिले आहे: "माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत मावणाऱ्या क्ष-किरण यंत्राने युरेनियमसारख्या मूलद्रव्यांचा अभ्यास होतो, असे वाचल्यापासून तिने तेच करायचे मनात घेतले आहे. तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र ठेवावे की रसायनशास्त्र? प्रॅक्टिकलमध्ये तिला टायट्रेशनपेक्षा स्पेक्ट्रोमीटर लावण्याची गोडी जास्त. रेडिएशनमुळे पुढे बाळंतपणात अडचण येईल, असे नातेवाईक म्हणतात. एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा न्यूक्लियर सर्टिफिकेट कोर्स आहे, तो करावा का?")

सप्रेम नमस्कार,

या कामाचा एक धाकटा भाऊ आपल्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारातच पाहायला मिळतो. सोन्याचा टंच काढण्यासाठी दागिना ज्या यंत्राच्या झाकणाखाली ठेवतात, त्यातही क्ष-किरणच असतात. ते पडताच प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडते आणि त्यावरून सोने किती, तांबे किती हे कळते. या ऊर्जेचा अणुक्रमांकाशी असलेला संबंध ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोझली यांनी 1913 मध्ये दाखवला आणि 1923 मध्ये हाफ्नियम हे मूलद्रव्य याच वाटेने सापडले. आपल्या मुलीला खुणावणारे यंत्र मात्र 'किती' एवढ्यावर थांबत नाही. मूलद्रव्य कोणत्या रासायनिक अवस्थेत, म्हणजे किती संयुजेचे आहे, हेही ते सांगते. सहा संयुजेचे युरेनियम पाण्यात सहज विरघळून भूजलाबरोबर दूरवर जाते, तर चार संयुजेचे बहुतांशी जागच्या जागी राहते, त्यामुळे खाणीतला गाळ किंवा अणुकचरा किती धोक्याचा आहे हे ठरवताना नुसते प्रमाण कळून भागत नाही.

युरेनियम ज्या ठिकाणी क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागते, ती एक सीमा सुमारे 17,166 इलेक्ट्रॉन-व्होल्टवर (हे ऊर्जेचे एकक) आहे, आणि संयुजा बदलली की ती अवघे काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट सरकते. एवढा बारीक फरक टिपण्यासाठी सिलिकॉन किंवा जर्मेनियमच्या स्फटिकाची, साधारण 10 सेंटिमीटर व्यासाची, अंतर्वक्र वाकवलेली चकती वापरतात. क्ष-किरणांची नळी, ही चकती आणि शोधक (डिटेक्टर) एका ठरावीक वर्तुळावर बसवून कोन हळूहळू बदलत नेतात. पूर्वी अशा मोजमापासाठी सिंक्रोट्रॉनवरच, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रखर क्ष-किरण देणाऱ्या अवाढव्य यंत्रावरच जावे लागे. आपल्याकडे इंदूरला इंडस-2 हा 2.5 गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सिंक्रोट्रॉन आहे, पण तिथे अर्ज करून पाळीची वाट पाहावी लागते आणि किरणोत्सारी नमुना नेण्यासाठी परवानग्या व विशेष वेष्टन हा वेगळाच व्याप असतो. प्रयोगशाळेतल्या नळीचे किरण त्या मानाने फारच क्षीण असतात, म्हणून तिथे मिनिटांत होणाऱ्या कामाला इथे तास लागतात. नमुना मात्र आपल्याच इमारतीत राहतो. माझ्या मते या विषयाचे खरे आकर्षण इथेच आहे, आणि चिकाटीची कसोटीही इथेच लागते.

आता नातेवाईकांच्या रेडिएशनच्या भीतीविषयी. यंत्रातले क्ष-किरण बटण बंद केले की संपतात. नळी बंदिस्त कपाटात असते आणि दार उघडताच किरण आपोआप थांबतील अशी सोय असते. खरी काळजी नमुन्याची घ्यावी लागते. युरेनियम, प्लुटोनियम यांचे अल्फा कण त्वचेच्या वरच्या मृत थरातही अडतात, परंतु त्यांची धूळ श्वासावाटे आत गेली तर ती घातक ठरते. म्हणून नमुना ग्लोव्हबॉक्समध्ये (बाहेरून हातमोज्यांतून काम करण्याच्या बंद पेटीत) तयार करून कॅप्टॉनसारख्या पातळ प्लास्टिक फिल्मच्या दुहेरी वेष्टनात पक्का बंद करतात; 17 हजारांच्या घरातल्या ऊर्जेचे क्ष-किरण त्या फिल्ममधून आरपार जातात, त्यामुळे मोजताना वेष्टन उघडावे लागत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार कामगाराला 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. अंगावरच्या बॅजवरून त्याची नोंद ठेवली जाते. गरोदरपण निश्चित झाल्यावर उरलेल्या काळात गर्भासाठीची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट एवढीच असते. निसर्गातून प्रत्येकाला जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, हे नातेवाईकांना जरूर सांगावे. गरोदरपणाची कल्पना कार्यालयाला लगेच देणे मात्र आवश्यक आहे, म्हणजे कामात बदल करता येतो.

विषयाच्या निवडीत मला फारशी शंका वाटत नाही. नमुने तयार करणे, विलगीकरण करणे यात रस असता तर मी रसायनशास्त्र सुचवले असते. पण सोडियमच्या पिवळ्या दिव्यासमोर दुर्बीण हलकेच सरकवून व्हर्निअरवर कोन वाचण्यात जिचे मन रमते, तिने भौतिकशास्त्र घ्यावे. रसायनशास्त्र दुय्यम विषय म्हणून ठेवता येत असेल तर अवश्य ठेवावे, आणि गणित सोडू नये.

त्यानंतर एम.एस्सी.: आयआयटीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, नाहीतर इथलेच शिवाजी विद्यापीठ, जिथल्या भौतिकशास्त्र विभागाचे नाव चांगले आहे. पुढे दोन वाटा आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय 1957 पासून चालू आहे. तिथे पदवीला किमान 60 टक्के लागतात आणि निवड कठीण असते. दुसरी वाट नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एखादी परीक्षा देऊन पीएच.डी.ची. या तंत्राच्या नावाने नोकरीची जाहिरात सहसा निघत नाही. रेडिओकेमिस्ट्री (किरणोत्सारी मूलद्रव्यांचे रसायनशास्त्र) किंवा मटेरियल सायन्सच्या प्रयोगशाळेत ते एक साधन म्हणून येते. जागा थोड्या आहेत, हे मुलीने आजच मान्य करावे. हेच कौशल्य बॅटरी आणि उत्प्रेरकांच्या संशोधनात चालते. शिवाय एम.एस्सी.नंतर एक वर्षाची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका केली, तर कर्करोग रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट होता येते.

त्या सर्टिफिकेट कोर्सची फी भरू नये. वर सांगितलेल्या प्रवेशांपैकी एकालाही अशा प्रमाणपत्राची गरज नसते. त्याऐवजी मुलीने पायथॉन शिकावे आणि क्ष-किरण शोषणाचे वर्णपट तपासण्याचे 'अथेना' हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर उतरवून प्रसिद्ध झालेले वर्णपट स्वतः काढून पाहावेत. महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांचे पत्र घेऊन विद्यापीठातले क्ष-किरण विवर्तनाचे यंत्र चालताना पाहण्याची परवानगीही मागावी. अर्ज परीक्षेच्या गर्दीआधी द्यावा, कारण त्या दिवसांत यंत्रावर संशोधक विद्यार्थ्यांचीच रांग असते.