पोर्ट उघडला, तरी पीएलसी लागेना

प्रश्न : पंपघरात सिमवर चालणारा औद्योगिक राऊटर आहे, मागे 192.168.1.10 वर पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक नियंत्रक). पोर्ट 502 फॉरवर्ड केला (बाहेरची विनंती पीएलसीकडे वळवायचा नियम राऊटरमध्ये लावला), तरी ऑफिसातून जोडणी होत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : आधी राऊटरच्या स्टेटस पानावर मोबाइल जोडणीचा आयपी बघा. तो 10 ने किंवा 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर नियम कितीही अचूक असो, उपयोग नाही. तुम्ही ऑपरेटरच्या नॅटमागे आहात, म्हणजे अनेक सिम एकच पब्लिक आयपी वाटून घेतात. बाहेरची विनंती राऊटरपर्यंत पोचतच नाही. स्थिर पब्लिक आयपीचं सिम मागा आणि त्यासोबत मिळणारा एपीएनच (सिमने ऑपरेटरच्या कोणत्या नेटवर्कमधून जायचं, त्याचं नाव) राऊटरमध्ये भरा.

आयपी पब्लिक असेल, तर पीएलसीतला गेटवे (बाहेर जाणारा डेटा ज्याच्याकडे द्यायचा, तो पत्ता) तपासा. तो पुष्कळदा 0.0.0.0 असतो. मग विनंती आत येते, उत्तर बाहेर जात नाही. तिथे राऊटरचा लॅन (आतल्या नेटवर्कचा) पत्ता टाका, बहुधा 192.168.1.1.

नियम असा: टीसीपी, बाहेरचा पोर्ट 15020, आतला पत्ता 192.168.1.10, आतला पोर्ट 502. चाचणी पंपघरातल्या वायफायवरून नको, बाहेरच्या नेटवरून घ्या.

पोर्ट 502 वर पीएलसीशी बोलणाऱ्या मोडबस टीसीपी या पद्धतीला पासवर्डच नसतो, त्यामुळे नियमात फक्त ऑफिसचा आयपी चालू ठेवा. नुसता पोर्ट बदलून कुणी अडत नाही. खरं तर राऊटरनेच ऑफिसच्या सर्व्हरला व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) लावलेला बरा. जोडणी राऊटरकडूनच बाहेर जाते, म्हणून तो साध्या सिमवरही चालतो.