तुझ्या नावातला 'यू'

प्रिय कृष्ण,

काल शाळेचा फॉर्म भरताना तू विचारलंस, "आई, तुम्ही दोघांनी माझं नाव चुकीचं लिहिलंय का?" तुझ्या वर्गातला दुसरा कृष्ण 'आर'नंतर 'आय' लिहितो, आपण 'यू' लिहितो, आणि 'आय'च बरोबर असं त्याने तुला सांगितलं. मी घाईघाईत "नाही रे, ठीक आहे ते" एवढंच म्हणाले. मग तुझा चेहरा पाहिला आणि ते फार लागलं. म्हणून नीट लिहून देते. सवडीने वाच, पटलं नाही तर तसं सांग.

'कृ' लिहिताना क च्या पायाशी जी आकडी येते, ती ऋ. संस्कृतात हा स्वतंत्र स्वर होता. त्यात 'इ' नव्हता आणि 'उ'ही नव्हता. 'र'च स्वरासारखा धरून म्हणायचा. तो उच्चार आपल्या रोजच्या बोलण्यातून गेला आणि प्रत्येक भाषेने त्याला आधाराला आपापला स्वर दिला. हिंदीने आणि बंगालीने 'इ' दिला. मराठीने, गुजरातीने, ओडियाने 'उ'. तुझ्या मित्राच्या घरी 'क्रिश्न' म्हणतात, आपल्याकडे 'क्रुष्ण'. अमृता, ऋतुजा, हृषीकेश, स्मृती, पृथ्वीराज, या सगळ्या नावांच्या स्पेलिंगमध्ये हाच फरक पडतो. मराठी माणसाने लिहिलं असेल तर बहुतेक वेळा तिथे 'यू' सापडेल.

मूळ कोणाचं, असं विचारशील तर दोघांचंही नाही. अभ्यासक संस्कृत शब्द रोमन लिपीत लिहितात ती पद्धत १८९४ साली जिनिव्हात भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेतल्या ठरावावर बेतलेली आहे. त्या पद्धतीत तुझं नाव लिहिताना 'के'नंतर खाली टिंब दिलेला 'आर' येतो आणि लगेच 'एस'. मध्ये 'आय' नाही, 'यू' नाही. टिंबं मात्र तीन: आर, एस आणि एन, प्रत्येकाखाली एक.

त्या टिंबांचा उपयोग उच्चारालाही होतो. टिंब म्हणजे जीभ मागे वळवायची. 'ष' म्हणताना जिभेचं टोक टाळूकडे वळतं आणि हवा घासून जाते. टोक तिथून हलवायचं नाही, तसंच वर टेकवलं की 'ण' होतो. इथल्या, मराठी न बोलणाऱ्या मुलांचं नेमकं इथे अडतं. ती 'श'ला जीभ खाली ठेवतात, मग 'न'साठी दातांमागे नेतात, आणि मध्ये एक 'अ' घुसतो: 'क्रिशना'. कुणाला शिकवायचं असेल तर आधी नुसतं 'ष्ण, ष्ण' म्हणून घे, नाव नंतर.

आता घरातलीच एक गंमत. तुझं नाव कृष्ण, शेवटी ऱ्हस्व अ. पण तुझ्या कानावर बहुतेक वेळा 'कृष्णा' पडतं. कृष्णाला दे, कृष्णाचा डबा, कृष्णाने खाल्लं. मराठीत नावाला प्रत्यय लागताना शेवटच्या 'अ'चा 'आ' होतो, आणि हाक मारतानाही होतो. म्हणजे आजी "कृष्णा, ये रे" म्हणते तेव्हा ती तुझं नाव बदलत नाही, व्याकरणाने बरोबर हाक मारते. नुसतं 'कृष्णा' हे नावही मुलांना ठेवतात. मात्र नदी कृष्णा आणि द्रौपदी कृष्णा ही स्त्रीलिंगी रूपं, त्यांचं 'कृष्णेचं पाणी', 'कृष्णेला' असं होतं.

किसनकाकांचं आणि तुझं नाव एकच आहे, हे तुला कधी सांगितलं का? आमच्या लहानपणी एकाच वाड्यात कृष्णाजीपंत होते, किसनकाका होते आणि एक छोटा कान्हा होता. ही तीन नावं एकच आहेत असं आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तू विचारलंस.

किसन होतो तो जोडाक्षर फोडून: ष्ण मोडला, मध्ये स्वर घातला, जसं रत्नचं रतन. कान्हा दुसऱ्या वाटेने येतो. प्राकृतात 'ष्ण'चा 'ण्ह' झाला आणि कृष्णचा कण्ह. पुढे 'क' लांबला: कान्ह, कान्हा, कान्होबा, कान्होजी. याच वाटेने उष्णचं उन्ह झालं आणि मग ऊन, तृष्णेची तण्हा झाली आणि मग तहान. ऊन, तहान आणि कान्हा ही एका घरची भावंडं आहेत.

आणि कण्ह हे रूप काही कच्चं किंवा बिघडलेलं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत १९ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजाच्या काळातला लेख आहे: 'सादवाहनकुले कण्हे राजिनि'. सातवाहन कुळातला कण्ह राजा असताना हे लेणं खोदवलं, असं तो सांगतो. सुमारे २००० वर्षांपूर्वी आपल्याकडच्या दगडावर तुझं नाव कोरलं गेलं, ते असं.

मग हे नाव सगळीकडे पसरलं आणि जिथे गेलं तिथलं झालं. गुजरातेत करसन आणि कानजी. १८३२ साली जन्मलेले सुधारक करसनदास मुळजी म्हणजे कृष्णदासच. बंगालमध्ये केष्टो आणि कानाई, पंजाबात काहन, तमिळमध्ये कण्णन, तेलंगणात किष्टय्या, जावा बेटावर क्रेस्ना. कण्णनमध्ये आपलाच कण्ह आहे, नीट ऐक. ख्रिस्त या शब्दाशी मात्र याचा संबंध नाही. तो ग्रीक शब्द, अर्थ 'अभिषेक केलेला'. दोन्ही ऐकायला जवळचे वाटतात म्हणून लोक जोडून टाकतात.

तुझ्या नावाचा अर्थ काळा. हे मी कधी लपवणार नाही. कृष्णपक्ष म्हणजे अंधारा पंधरवडा, कृष्णविवर तर तुला आवडतंच. व्यासांचं नाव कृष्ण द्वैपायन: रंगाने काळे, बेटावर जन्मलेले. मुंबईतल्या कान्हेरीचं जुनं नाव कण्हगिरी, काळा डोंगर. आता नकाशात मॉन्टेनेग्रो शोध. तिथले लोक आपल्या देशाला त्स्र्ना गोरा म्हणतात, अर्थ तोच, काळा डोंगर. त्यातलं 'त्स्र्ना' आणि आपलं 'कृष्ण' एकाच जुन्या मुळातून आलेत, 'गोरा' आणि 'गिरी'सुद्धा. शिवाय ते 'त्स्र्ना'तला 'र' स्वरासारखाच म्हणतात, आधाराला काही न घेता. आपल्या बोलण्यातून गेलेल्या ऋ सारखा उच्चार ऐकायचा असेल तर तो तिथे ऐकायला मिळतो.

पण ज्या घरांत इतक्या मायेने मुलाचं नाव 'काळा' ठेवतात, त्याच घरांत 'सून गोरी हवी' हेही ऐकायला मिळतं. मी ते ऐकत मोठी झाले आणि पुष्कळ वेळा गप्प बसले. तू याबद्दल विचारशील तेव्हा माझ्याकडे बचाव नसेल.

नाव ठेवताना इथल्या तोंडांना ते जड जाईल हे आम्हाला माहीत होतं. सोपं, जोडाक्षर नसलेलं नाव ठेवायला हवं होतं का, हा विचार अजूनही मनात येतो. तरी स्पेलिंग आम्ही कानाने ठरवलं. बारशाला आत्याने तुझ्या कानात जे सांगितलं ते 'क्रुष्ण' होतं, 'क्रिश्न' नव्हतं.

कागदांचं एवढं लक्षात ठेव. जन्मदाखला, पासपोर्ट, शाळेचा दाखला, तिन्हींवर आज 'यू' आहे. तिकिटावर एक अक्षर वेगळं पडलं तरी विमानतळावर अडवू शकतात, म्हणून सही वेगळी आणि नाव वेगळं, असं अधलंमधलं करू नकोस. मोठेपणी 'आय' हवासा वाटला तर बदल. पण मग सगळीकडे एकदमच बदलून घे. मी अडवणार नाही.

फॉर्म टेबलावर आहे. अधिकृत नावाच्या रकान्यात मी पासपोर्टप्रमाणे लिहिलंय. 'कोणत्या नावाने हाक मारावी' हा रकाना मोकळा ठेवलाय, तिथे तुला हवं ते लिही. शुक्रवारी द्यायचा आहे.

तुझी,
आई