झोपेत लघवी गळणाऱ्या कुत्रीच्या डायपरमध्ये कोणता पॅड घालावा?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार लॅब्रेडॉर मादी, 9 वर्षांची, 28 किलो, नसबंदी झालेली. जागेपणी बाहेर जाऊन व्यवस्थित शू करते, पण झोपून उठली की अंथरूण ओलं. कापडी डायपर घेतलाय, आत काय घालायचं ते कळत नाही.

आधी गळती मोजा. पाकिटावरच्या ‘सुपर’, ‘एक्स्ट्रा लार्ज’, ‘ओव्हरनाइट’ या शब्दांवरून काही ठरत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरा पॅड तोला, रात्री लावा, सकाळी काढल्या काढल्या परत तोला. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर लघवी समजा. तीन-चार रात्रींचे आकडे लिहून ठेवा आणि त्यातला सर्वांत मोठा धरा. सरासरीवर पॅड निवडला तर दोन दिवसांआड गादी धुवावी लागते.

पडताळ्यासाठी एक हिशेब. निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 20 ते 40 मिली लघवी होते. म्हणजे तुमच्या कुत्रीला 8 तासांत सुमारे 190 ते 370 मिली. झोपण्याआधी बाहेर फिरवून आणलं तर यातला थोडाच भाग गळायला हवा. आकडा याच्याही वर जात असेल, किंवा ती दिवसाला 2.8 लिटरहून (किलोमागे 100 मिलीहून) जास्त पाणी पीत असेल, तर पॅडचा विचार थांबवून आधी रक्त-लघवी तपासून घ्या. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हार्मोन जास्त होण्याचा आजार) यांत असंच होतं. गळती कमी व्हावी म्हणून पाणी मात्र तोडू नका.

आता पॅड. तुमच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या किमान दुप्पट क्षमता हवी, कारण कुत्री पॅडवर अंग टाकून झोपते आणि दाबाखाली कुठलाही पॅड पूर्ण क्षमतेने धरत नाही. 20-30 मिलीपर्यंत गळत असेल तर लांब, जाड सॅनिटरी पॅड पुरतो. त्याच्या वर तो कामाचा नाही. मासिक पाळीचा स्राव थोडा थोडा येतो, लघवी एकदम येते. पॅड शोषायच्या आत ती कडेने निघून जाते. 50 ते 150 मिलीसाठी मेडिकलमध्ये मिळणारे लघवीसाठीचे वेगळे पॅड किंवा लहान मुलांचा चिकटपट्टीवाला डायपर घ्या. पँटसारखा ओढून घालायचा घेऊ नका, तो कापून सपाट करताना वाया जातो. त्याहून जास्त गळत असेल तर प्रौढांच्या डायपरमध्ये घालायचे लांब इन्सर्ट पॅड.

दोन पॅडमध्ये अडकलात तर घरीच चाचणी करा, पण साध्या पाण्याने नको. आतली जेलची पावडर साध्या पाण्यात वजनाच्या शेकडो पट पाणी धरते, खारट पाण्यात फार तर पन्नासपटीच्या आसपास; आणि लघवी खारट असते. एक लिटर कोमट पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवा. त्यातलं 100 मिली एकाच जागी पंधराएक सेकंदांत ओता, दहा मिनिटं थांबा, वर टिश्यूच्या चार घड्या ठेवून त्यावर दोन किलो तांदळाची पिशवी मिनिटभर ठेवा. टिश्यू भिजला तर तो पॅड बाद, मग त्यात कितीही पाणी मावत असो. कातडी कोरडी राहणं हे क्षमतेपेक्षा महत्त्वाचं आहे.

एकावर एक दोन पॅड ठेवायची युक्ती बरेच जण करतात आणि फसतात. वरच्या पॅडची पाठ प्लास्टिकची असते, त्यामुळे खालच्याला थेंब मिळत नाही. वरच्या पॅडच्या पाठीला दोन-दोन सेंटिमीटरच्या चार-पाच चिरा द्या आणि त्याच्याच गोंदाने तो खालच्यावर चिकटवा. चिरा लांब केल्या तर जेल बाहेर येतं. डायपर कापून आकाराला आणलात तर कापलेली प्रत्येक कड मायक्रोपोर चिकटपट्टीने बंद करा.

बहुतेक गळती मात्र पॅडमुळे नसते, जागा चुकल्यामुळे असते. मादीत पॅडचा मध्य योनिमुखाखाली हवा. मागचं टोक शेपटीच्या भोकाच्या लगेच खाली आणि पुढचं पोटाकडे वर आलेलं. ती कुशीवर झोपते तेव्हा लघवी वरून खालच्या मांडीकडे ओघळते, म्हणून उभ्या कडा असलेला पॅड सपाट पॅडपेक्षा बरा. डायपरचं इलास्टिक आणि मांडी यांत दोन बोटं जावीत. जास्त घट्ट केलं तर मांडीच्या घडीत कातडी सोलते. (नर असता तर पोटाला पट्टा बांधून त्यात पॅड ठेवायचा असतो, तिथे हा हिशेब वेगळा.)

धुवून वापरायचं असेल तर थरांचा क्रम सांभाळा. कातडीला फ्लीस, त्याखाली मायक्रोफायबर, सर्वांत खाली बांबू किंवा सुती. मायक्रोफायबर पटकन ओढतं पण दाबलं की सोडतं, ते खालच्या थराने धरायचं. नवा बांबूचा इन्सर्ट चार-पाच धुण्यांनंतरच नीट शोषायला लागतो. धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड अजिबात नको, त्याचा थर बसून पाणी आत शिरत नाही. पावसाळ्यात शिवलेले जाड इन्सर्ट दोन दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात. तेव्हा लंगोटाचं किंवा जुन्या धोतराचं कापड सहा-आठ घड्या घालून वापरणं शहाणपणाचं. उलगडून वाळत घातलं की लवकर सुकतं.

पॅड कोरडा दिसला तरी जागेपणी चार तासांनी बदला, शी झाली तर तत्काळ. भोवतालचे केस बारीक कापा, कोमट पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा, दिवसातून काही तास डायपरशिवाय राहू द्या. संरक्षणाला साधं पेट्रोलियम जेली पुरे, तेही अगदी पातळ. जास्त लावलं तर पॅडचा पृष्ठभाग तेलकट होऊन शोषणं बंद पडतं. बाळांच्या रॅशसाठीचं झिंक ऑक्साइडवालं क्रीम लावू नका. कुत्री ते चाटते आणि झिंक पोटात जाणं तिला घातक आहे. टी-ट्री तेलही नको.

नसबंदीनंतर झोपेत होणारी गळती अनेकदा औषधाने बरीच आटोक्यात येते, म्हणून वर्षभराचे पॅड आताच भरून ठेवू नका. आधी पशुवैद्याकडून लघवीचा संसर्ग आहे का ते पाहून घ्या. मागचे पाय लटपटत असतील, किंवा शू करायला बसून थेंबच येत असतील, तर थांबू नका. मूत्राशय तुंबून वरून सांडणं बाहेरून अगदी गळतीसारखंच दिसतं आणि डायपर ते झाकून टाकतो.

वापरलेला पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका, तिच्या तोंडाला लागेल असा ठेवू नका. लॅब्रेडॉर पॅड फाडून खातात. जेल विषारी नसलं तरी पोटात फुगतं आणि कापूस-प्लास्टिकसकट आतडं अडवू शकतं. तुकडा गिळल्यावर उलट्या सुरू झाल्या किंवा खाणं बंद केलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.