ऑनलाइन मैत्रिणींशी रोजच्या घरगुती कटकटी बोलत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे का?

तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून गोव्यात फोंड्याला आलात, हा पहिलाच पावसाळा, नवरा दिवसभर कामावर, इमारतीत अजून ओळखी नाहीत. मग संध्याकाळी मैत्रिणींच्या ग्रुपवर तुम्ही लिहिता की कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटलं, कपाटातल्या साड्यांवर बुरशी आली. घरचे म्हणतात, ‘हे काय बोलायचे विषय आहेत?’ आणि आता तुम्हालाही तसंच वाटायला लागलंय. मी फोंड्यातच राहते, माहेर म्हार्दोळचं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी साड्यांचं बघा, ते काम थांबण्यातलं नाही. साड्या घरात झटकू नका, बुरशी घरभर उडते. गॅलरीत नेऊन मऊ, कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झाडा. रेशमी साडी ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका, झाडल्यावर पंख्याखाली दिवसभर पसरून ठेवा. सुती कपडे गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून धुतले की वास जातो. कपाटाच्या फळ्या व्हिनेगरने पुसा आणि पूर्ण कोरड्या होईपर्यंत आत काही ठेवू नका. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीची ओल थेट कपाटात उतरते. साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून जुन्या मलमलच्या कापडात गुंडाळा. डांबराच्या गोळ्यांनी कसर लागत नाही, बुरशीला मात्र त्यांचा उपयोग नाही. त्यासाठी ओल शोषून घेणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या मिळतात, त्या टांगा आणि खाली साचलेलं पाणी वेळेवर ओता. मिठाचं म्हणाल तर हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतंच, आणि आपल्याकडे पावसाळाभर ती त्याच्या वरच असते. घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या, तळाशी भाजलेले तांदूळ घाला. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, इथली हवाच तशी आहे.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते हा वेळ अजिबात वाया जात नाही. हे मी मन राखायला म्हणत नाही. आमचा पाच-सहा जणींचा ग्रुप आहे. एका पाककृतीवरून बोलणं सुरू झालं आणि ते पुढे थांबलंच नाही. सोलापूर, रत्नागिरी, डोंबिवली, नाशिक आणि मी इथे. काही जणींना मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. तरी या बायकांनी माझं घर किती वेळा सावरलंय ते मला ठाऊक आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली आणि फोंडा व तिसवाडी तालुक्यांचं पाणी कित्येक दिवस बंद पडलं. बाहेर पाऊस कोसळतोय आणि घरात नळाला थेंब नाही, अशी ती अवस्था. आम्ही पाण्यात वाढलेली माणसं. माहेरी परसात विहीर, उन्हाळ्यातसुद्धा पोहरा कधी रिकामा वर आला नाही. आमच्या इमारतीला विहीर नाही, टाकी दुसऱ्या दिवशी संपली, टँकरसाठी सगळीकडून फोन. मी ग्रुपवर लिहिलं, ‘काय करायचं तेच सुचत नाहीये.’ उत्तर सोलापूरहून आलं. तिच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि तिचा सगळा संसारच त्या बेतावर चालतो. तिने फोनच केला आणि विचारलं, ‘घरात आत्ता झाकणाची भांडी किती आहेत ते सांग.’

मग तिने एकेक करून लावून दिलं. पिण्याचं पाणी वेगळ्या पिंपात, त्यात मुलांनी हात घालायचा नाही, डावानेच काढायचं. स्वयंपाकाला पाणी ओतून घ्यायचं नाही, तांब्याने मोजून घ्यायचं. भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी एका बादलीत साठवायचं, त्यात फरशी पुसायची आणि तेच शेवटी संडासात. भांडी आधी कागदाने पुसून काढायची, मग दोन टबांत धुवायची, आणि आजचा दुसरा टब उद्याचा पहिला. जेवायला केळीची पानं घ्यायची, ती तुमच्याकडे दारातच असतात, असंही तिनेच सुचवलं. ताटं-वाट्या निघाल्या की भांड्यांचं अर्धं ओझं उतरतं, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि मग म्हणाली, ‘अगं, तुझ्या डोक्यावर एवढा पाऊस पडतोय, तो कशाला सोडतेस?’ आमच्या गच्चीवर पत्र्याचं छप्पर आहे. पागोळ्यांखाली पिंपं लावायची, पण पावसाची पहिली सर वाहून जाऊ द्यायची, कारण पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण तिच्याबरोबर येते. मग पिंपाच्या तोंडाला सुती कापड बांधायचं. ते पाणी पिण्याला घ्यायचं नाही, फक्त धुण्याला आणि संडासाला. शिवाय उघडं ठेवायचं नाही आणि आठवड्याच्या आत संपवायचं, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या चार बिऱ्हाडांची पिंपं गच्चीवर ओळीने उभी होती. पाऊस पागोळीतून कापडावर पडायचा, कापड मध्ये खोल जायचं आणि पाणी आत झिरपायचं. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, कुठलं पिंप भरलं ते ओरडून सांगायला.

सोलापूरच्या कोरड्या घरातलं शहाणपण गोव्याच्या पावसात कामी आलं. प्रत्येकीच्या गावाने तिला एकेका अडचणीत मुरवलेलं असतं. पाण्यात ती मुरलेली, ओलीत मी आणि रत्नागिरीची, विजेत डोंबिवलीची. आपल्या गल्लीत सगळ्यांना एकच अडचण एकाच वेळी येते, त्यामुळे गल्ली एकदम हतबल होते. लांबची मैत्रीण त्या वेळी मोकळ्या डोक्याने विचार करू शकते.

विजेचंही सांगते, कारण पावसात ते तुमच्याकडेही होईल. मुसळधार रात्री घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, सारखा पडायला लागतो. वर केला की पुन्हा खाली. डोंबिवलीच्या मैत्रिणीचे वडील वायरमन होते, ती लहानपणी त्यांच्याबरोबर कामावर जायची. तिने सांगितलेली रीत अशी: सगळे एमसीबी (एकेका लाइनीचे छोटे स्विच) खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्यावर पडेल ती लाइन दोषी. त्या लाइनीवरच्या सगळ्या वस्तूंच्या पिना काढून पुन्हा बघा. तरी पडत असेल तर बहुधा वायरिंगमध्ये ओल आहे, ती लाइन बंद ठेवून सकाळी वायरमनला बोलवा. हे सगळं कोरड्या हाताने आणि पायात चप्पल घालून. आमच्याकडे गॅलरीतल्या दिव्यात पाणी शिरलं होतं. ईएलसीबी त्रास देतो म्हणून काही लोक तो काढून थेट जोडणी करून घेतात. तसं कधीही करू नका. घरचा ईएलसीबी बहुधा ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो, आणि माणसाचा जीव वाचावा म्हणूनच तो एवढा हळवा ठेवलेला असतो.

ही झाली उपयोगाची बाजू. पण नुसत्या उपयोगासाठी मी तिथे जात नाही, तुम्हीही जात नसाल. घरकाम झालं की दिसत नाही, राहिलं की सगळ्यांना दिसतं. धुतलेली बरणी, वेळेवर उतू न गेलेलं दूध, उन्हाची तिरीप बघून पटकन बाहेर टाकलेल्या आणि सर येण्याआधी आत घेतलेल्या चादरी. हे घरात कुणाला सांगणार? सांगितलं तरी ‘बरं’ म्हणून माणूस मोबाइलात डोकं घालतो, आणि त्यात त्याचं वाईट वागणं नसतं, त्याला ते काम माहीतच नसतं. ‘आज चादरी वाळल्या’ असं ग्रुपवर लिहिलं की रत्नागिरीची लगेच विचारते, ‘खरंच? कडक?’ त्या ‘कडक?’मध्ये मला भरून पावतं. जुलैमध्ये कोकणात कडक वाळलेली चादर म्हणजे काय, ते तिलाच कळतं.

छोट्या आनंदांचं मोल मी कटकटींपेक्षा जास्त मानते. यांत्रिक मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस बंद असते. तोवर सुक्या बांगड्यावर आणि सुंगटांच्या किसमूरवर, म्हणजे सुक्या कोळंबीच्या कोशिंबिरीवर, भागवायचं. मग ऑगस्टमध्ये बाजारात ताजे बांगडे येतात, तिरफळं घालून हुमण म्हणजे माशांची आमटी होते, आणि मी फोटो टाकते. सोलापूरची शुद्ध शाकाहारी, तरी तीच पहिली लिहिते, ‘आले का गं तुझे बांगडे?’ कधी म्हार्दोळहून आई जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, माळ पाठवते. पावसाळ्यात तिथे जायांचा बहर असतो, महालसेच्या देवळात जायांची पूजा होते. त्या माळेचा वास फोनमधून जात नाही याची मला मनापासून हळहळ वाटते, म्हणून मी तो वास लिहून सांगायचा प्रयत्न करते. पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याचा आवाज एकदा रेकॉर्ड करून पाठवला होता. नाशिकच्या मैत्रिणीचा मुलगा आता रोज तो लावायला सांगतो.

काही पथ्यं मात्र पाळा. आपली कटकट सांगा, दुसऱ्याची चहाडी नको. सासूबाईंनी आमटी खारट केली हे लिहायला हरकत नाही. त्यांच्या आजाराचं, पैशांचं, नणंदेच्या घरातल्या भांडणाचं लिहू नका, त्या गोष्टी आपल्या नाहीतच. लिहिलेलं कुठेही जाऊ शकतं. आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, खास लक्ष ठेवा. चवथीला इथली बहुतेक कुटुंबं मूळ घरी जातात, शहरातले फ्लॅट चार-पाच दिवस कुलूपबंद असतात. माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचे) फोटो जरूर टाका, पण परत आल्यावर. मोठ्या ग्रुपमध्ये ‘आम्ही सगळे गावी’ असं आधी लिहिणं म्हणजे घर रिकामं असल्याची दवंडी पिटणं.

दुसरं, सिलिंडर उचलायला आणि ताप आल्यावर पेज आणून द्यायला दारातलंच माणूस लागतं. ती ओळख करायला वेगळं काही करावं लागत नाही. पोदेर येतो तेव्हा पिशवी घेऊन स्वतः खाली उतरा. फाटकाशी तीच ती चार माणसं रोज जमतात, पोळी (इथला चपटा पाव) गरम आहे का, उंडे (गोल पाव) संपले का, एवढ्यावरून बोलणं निघतं. माझी शेजारची बाय मला तिथेच भेटली. ती कातोलीक. नागपंचमीला पातोळ्या, म्हणजे हळदीच्या पानात वाफवलेला गोड पदार्थ, आमच्या घरातून तिच्याकडे जातात, १५ ऑगस्टला सायबिणीच्या (मदर मेरीच्या) फेस्ताला तिच्याकडून आमच्याकडे येतात. तिच्या जराशा जाड असतात, गूळ पुष्कळ, आणि मला त्याच जास्त आवडतात.

घरच्यांना पटवत बसू नका. रोज रात्री अर्धा-पाऊण तास माझा म्हणून ठरवून घ्या आणि त्या वेळात मोकळेपणाने लिहा. मुलांचा अभ्यास, जेवणाची वेळ यांत तो घुसू देऊ नका, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही. नवऱ्याला हवं तर एकदा ईएलसीबीची रीत करून दाखवा, मैत्रिणीने शिकवली म्हणून सांगा.

आणि नागपंचमीच्या आधी फोंड्याच्या बाजारात हळदीची पानं येतात, ती घ्या आणि पातोळ्या करून बघा. तांदूळ भिजवून घट्टसर वाटा, पानावर पातळ थर द्या, मध्ये चून म्हणजे गूळ-खोबऱ्याचं सारण पसरा, पान मिटून वाफवा. वेलची घातली नाही तरी चालते, पानाचा वास पुरतो. अडलं तर इथेच खाली विचारा, मी रात्री साडेनऊनंतर असते.