'परग्रहवासी' की 'परग्रहवाशी'?

ऐरोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आला आहे. सातवीच्या मुलांनी प्रदर्शनासाठी 'पृथ्वीबाहेर कोणी आहे का?' असा फलक केला. त्यात एकाने 'परग्रहवासी' लिहिलं, दुसऱ्याने 'परग्रहवाशी', एका मुलीने 'परग्रहवासीय' आणि बाकीच्यांनी सरळ 'एलियन'. बाई विचारतात, बरोबर कोणतं? फलकाच्या खालच्या भागात 'अंतराळ मोहिमांतले धोके' लिहायचं की 'जोखीम'? आणि परग्रहवासी 'आला' म्हणायचं की 'आले'?

बाई, 'वाशी' लिहिणाऱ्या मुलाला आधी शाबासकी द्या. शब्द चुकलाय, पण तो कानाने ऐकून आणि डोकं चालवून चुकलाय. मराठीत 'रहिवासी' हा मूळ शब्द, पण प्रत्यय लागला की आपण 'रहिवाशांना', 'रहिवाशांचा' म्हणतो. स चा श होतो. तो श इतक्या वेळा कानावर पडतो की लोक उलटे मागे जातात आणि मूळ शब्दच 'रहिवाशी' करून टाकतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत सोसायट्यांच्या गेटवर 'रहिवाशी संघ' अशा पाट्या काही कमी नाहीत. त्यातून ऐरोलीचा मुलगा, ठाणे-वाशी लोकलची घोषणा येता-जाता ऐकणारा, त्याच्या हातून 'वाशी' येणारच. त्याला 'परग्रहवासी, परग्रहवाशांना' अशी जोडी वहीत लिहून द्या. पुन्हा चुकणार नाही.

'वासीय' मात्र टाळाच. 'ईय' हा प्रत्यय जागेच्या नावाला लागतो: भारतीय, परप्रांतीय. 'वासी' म्हणजेच राहणारा. त्याला आणखी 'ईय' लावून काहीच हाती लागत नाही. 'ठाणेवासीयांना हार्दिक शुभेच्छा' असे फलक चौकाचौकांत दिसतात. तिथे प्रत्यय लागलेला असल्यामुळे तो य एक वेळ खपून जातो, पण नुसता 'परग्रहवासीय' हा शब्द उभा राहत नाही.

आता 'परग्रहवासी'. शब्द बरोबर आहे, रुळलेला आहे, आणि मला तो फार आवडतो. परगाव, परदेश, परप्रांत, परका, या सगळ्यांतला 'पर' त्यात आहे. पण खरी गंमत 'ग्रह' मध्ये आहे. ग्रह म्हणजे पकडणारा, धरणारा. ग्रहण आणि आग्रह हे त्याच धातूचे. आपल्या नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, राहू-केतूही आहेत. पृथ्वी नाही. ज्या जमिनीवर उभं राहून ग्रह मोजायचे, तीच ग्रह कशी असेल? म्हणजे त्या मोजणीत 'परग्रह' हा शब्दच संभवत नाही. दुसरा ग्रह म्हणायचं तर आपलाही एक ग्रहच आहे हे आधी मान्य करावं लागतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे पचवल्यावरच जन्मू शकणारा हा शब्द आहे. मुलांना हे सांगा, त्यांना नक्की आवडेल.

अडचण आहे ती 'वासी' ची. वासी म्हटलं की घर आलं, गाव आलं, राहणारं माणसासारखं कोणीतरी आलं. कैलासवासी, वैकुंठवासी हे शब्दही माणसांनाच लागतात. आपल्या पोटात कोट्यवधी जंतू राहतात, त्यांना कोणी 'पोटवासी' म्हणत नाही. आणि शास्त्रज्ञ आज ज्याचा शोध घेत आहेत ते बहुतेक अशाच जंतूंच्या जातीचं असणार. पर्सिव्हिअरन्स या नासाच्या गाडीला मंगळावरच्या जेझेरो विवरात २०२४ मध्ये बिबट्यासारखे ठिपके असलेला एक खडक सापडला. ते ठिपके पूर्वीच्या सूक्ष्मजीवांची खूण असू शकतात असं शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये मांडलं. 'असू शकतात' एवढंच, सिद्ध काही झालेलं नाही. आणि ती खूण खरी निघाली तरी ते जीव अब्जावधी वर्षांपूर्वीचे. तिथे आज कोणी 'वासी' असेल असं त्यावरून म्हणता येत नाही.

आणखी एक. शोधाच्या आशेच्या जागा सगळ्या ग्रह नाहीत. गुरूचा युरोपा, शनीचा एन्सेलाडस हे चंद्र आहेत. युरोपाच्या बर्फाच्या कवचाखाली समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत. एन्सेलाडसच्या भेगांतून पाण्याचे फवारे उडताना कॅसिनी यानाने पाहिले. तिथे काही सापडलं तर 'परग्रह' म्हणणं ओढूनताणून होईल.

जयंत नारळीकरांचं काम इथे आठवतं. त्यांच्या पुढाकाराने एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोच्या प्रयोगाचा एक फुगा वर गेला आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा घेऊन आला. त्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला आर्यभटांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं. ते जिवाणू बाहेरून आले असं इस्रोने म्हटलं नाही, शक्यता तेवढी उघडी ठेवली. त्यांच्यासाठी 'परग्रहवासी' चालेल का? नाही चालणार. 'पृथ्वीबाहेरचा जीव' किंवा जरा पुस्तकी हवं तर 'पृथ्वीबाह्य जीव' चालेल. सगळं मिळून 'पृथ्वीबाह्य जीवसृष्टी'. 'परजीव' असा सुटसुटीत शब्द कोणी सुचवला तर घेऊ नका, कारण 'परजीवी' म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर जगणारा, हा अर्थ आधीच घट्ट बसलेला आहे. 'परग्रहवासी' राखून ठेवा विचार करणाऱ्या, बोलणाऱ्या, कुठूनतरी संदेश पाठवू शकणाऱ्या जिवासाठी.

'एलियन' खोडू नका. मुलं बोलतात तो शब्द. फक्त एवढं दाखवा की इंग्रजीत तो शब्द रोपालाही लागतो, मराठीत आपण तो मोठ्या डोळ्यांच्या हिरव्या प्राण्यापुरताच घेतला. दक्षिण अमेरिकेतून शोभेचं फूल म्हणून आलेली आणि आपली तळी गिळणारी जलपर्णी इंग्रजी पुस्तकात एलियन असते, आपल्याकडे 'परकीय वनस्पती'. आणि ऐरोलीच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, चिखलातलं शेवाळ खातात आणि पावसाळ्याआधी निघून जातात, त्यांना आपण 'पाहुणे' म्हणतो. दोघेही बाहेरूनच आलेले. येऊन काय केलं, त्यावरून मराठीने नाव दिलं. मुलांना खाडीवर न्याल तेव्हा हे जरूर बोला, कारण अवकाशातल्या भीतीचा प्रश्न नेमका हाच आहे.

तिथूनच धोका आणि जोखमीकडे येऊ. दोन्ही शब्द हवेत, पण वेगवेगळ्या ठिकाणी. जोखीम माणूस समजून-उमजून अंगावर घेतो. जुन्या व्यापारात 'जोखमी हुंडी' असायची. ती जहाजावर चढवलेल्या मालाच्या भरवशावर काढायची आणि माल बंदराला सुखरूप लागला तरच तिचे पैसे मिळायचे. ठाण्यासारख्या जुन्या बंदराच्या गावात तर हा शब्द शिकवायलाच हवा. अंतराळवीर घेतो ती जोखीम. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना तुटलं आणि कल्पना चावलांसह सातजण गेले, त्या सगळ्यांना ही जोखीम ठाऊक होती.

धोका मात्र ज्याने काहीच पत्करलेलं नाही त्यालाही असतो. १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिघे चंद्रावरून आले, तेव्हा त्यांना २१ दिवस वेगळं ठेवलं. 'विलगीकरण' हा शब्द २०२० नंतर मुलांना समजावावा लागत नाही. चंद्रावरचा एखादा जंतू सोबत आला तर? अपोलो १४ नंतर ही खबरदारी थांबवली, कारण चंद्रावर जीव नाही याची खात्री झाली. पण त्या २१ दिवसांतही एक फट होती. यान पॅसिफिक महासागरात उतरलं आणि त्याचं दार तिथेच, समुद्राच्या हवेत उघडलं. जंतू असता तर जोखीम तिघांची आणि धोका सगळ्या समुद्राला.

हा धोका उलट्या दिशेनेही आहे. १९६७ च्या अंतराळ कराराच्या नवव्या कलमात दोन्ही बाजू आहेत: तिकडचं इकडे आणून पृथ्वीची हानी करू नये आणि इथलं तिकडे नेऊन ते जग नासवू नये. म्हणूनच १५ सप्टेंबर २०१७ ला इंधन संपत आलेलं कॅसिनी मुद्दाम शनीत घुसवून जाळलं. ते भरकटत एन्सेलाडसवर पडलं असतं तर त्याला चिकटलेले पृथ्वीवरचे जंतू तिथल्या बर्फाखालच्या समुद्रापर्यंत पोचण्याची शक्यता होती. तिथले 'परकीय' आपण ठरलो असतो. फलकावर 'अंतराळवीरांची जोखीम' आणि 'पृथ्वीला व इतर जगांना धोका' असे दोन रकाने करा. १९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एका दूरच्या तारकागुच्छाकडे संदेश धाडला गेला, तो कुठल्या रकान्यात घालायचा यावर मुलांना भांडू द्या. आपण इथे आहोत असं ओरडून सांगू नये, असं स्टीफन हॉकिंग २०१० मध्ये म्हणाले होते. कोलंबस अमेरिकेत आल्यावर तिथल्या माणसांचं काय झालं, याची आठवण त्यांनी दिली होती. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे, कारण संदेश मूठभर माणसांनी पाठवला आणि तो सगळ्यांच्या वतीने गेला.

राहिला 'आला' की 'आले'. जीव, सूक्ष्मजीव पुल्लिंगी, एकवचनी असेल तर 'आला'. जीवसृष्टी स्त्रीलिंगी, ती 'सापडली'. पण विचार करणारा कोणी समोर उभा राहिला तर? याचं उत्तर मराठीने आधीच देऊन ठेवलं आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर एक सोनेरी तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात मराठीही आहे. पृथ्वीवरचे लोक शुभेच्छा पाठवताहेत, असं एक स्त्री त्यात सांगते. ऐकणाऱ्याला ती परग्रहवासी म्हणत नाही, एलियन म्हणत नाही. 'नमस्कार' म्हणते आणि पुढे 'तुम्हाला' म्हणते. अनोळखी माणसाशी आपण दारात बोलतो तसं.

तुमच्या वर्गात ज्याने 'परग्रहवासी आले' लिहिलंय, त्याचं वाक्य तसंच राहू द्या.