पुण्यात एम्बेडेड लिनक्समध्ये दोन वर्षं झाली. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) डेव्हलपर डॉक्युमेंटेशनमध्ये काम केलं तर करिअरला उपयोग होतो का? सुरुवात कुठून करावी? मित्र म्हणतात, ते कारकुनी काम आहे.

तुमच्या प्रश्नात 'कारकुनी' हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. हिंजवडीतल्या एका कंपनीत आमच्या लीडच्या तोंडून हाच शब्द ऐकला होता.

आमच्या कर्नल ट्रीमध्ये (कर्नलच्या सोर्स कोडच्या आमच्या प्रतीत) घरचाच एक छोटा लेयर होता, सगळे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे कोड) त्यातून जायचे. त्यातल्या एका फंक्शनमधला स्पिनलॉक (न झोपता जागेवरच वाट बघायला लावणारं कुलूप) काढून मी म्यूटेक्स (मोकळं होईपर्यंत कोडला झोपवणारं कुलूप) घातला, कारण लॉक धरून मेमरी मागायची वेळ आली होती, आणि मेमरी मागताना झोपावं लागू शकतं. फंक्शनच्या डोक्यावर कर्नल-डॉकची, म्हणजे कर्नलच्या ठरलेल्या साच्यातली, कमेंट होती. तिच्यात 'कॉन्टेक्स्ट'पुढे लिहिलेलं, कुठूनही बोलवा, इंटरप्ट हँडलरमधूनसुद्धा. हार्डवेअरनं हाक मारली की लगेच चालणाऱ्या त्या हँडलरमध्ये झोपायला मनाई असते, म्हणून ती ओळ मी त्याच पॅचमध्ये (कोडमधल्या बदलांच्या गठ्ठ्यात) बदलली. रिव्ह्यूत लीडची टिप्पणी आली, "कमेंटचं कारकुनी काम वेगळ्या पॅचमध्ये पाठव, हा स्वच्छ ठेव." ठेवला. दुसरा पॅच कधी गेलाच नाही. आधी रिलीज होती, मग दिवाळी. चूक माझीही.

दीड वर्षानं टीममध्ये एक नवी मुलगी आली. ती कमेंट नीट वाचणारी बहुतेक पहिलीच. तिनं विश्वासानं ते फंक्शन इंटरप्ट हँडलरमधून बोलावलं. टेबलावरचा बोर्ड आठवडाभर झकास चालला, कारण म्यूटेक्स मोकळा असेल तर झोपायची पाळीच येत नाही. अॅटॉमिकमध्ये, म्हणजे झोपायला मनाई असलेल्या जागी, झोपणारा कोड पकडणारा डीबगचा पर्याय आमच्या कॉन्फिगमध्ये बंद. ग्राहकाकडे लोड वाढला आणि मशीन लटकायला लागली. तीन शनिवार ऑफिसात गेले. (वाकडच्या पुलाखाली शनिवारीही तेवढंच अडकायला होतं, हे तेव्हा कळलं.) शेवटी तो पर्याय चालू केला, तर पहिल्याच बूटला लॉगमध्ये 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट'.

मीटिंगमध्ये लीड त्या मुलीला म्हणाले, "अगं, कोड वाचायचा असतो, कमेंट नाही." मी प्रोजेक्टरवर गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी, कधी बदलली ते दाखवणारी कमांड) उघडला, आणि मग तो जुना रिव्ह्यू. त्या वर्षीच्या माझ्या अप्रेझलचं काय झालं ते विचारू नका.

कमेंट नसती तर तिनं कोड वाचलाच असता. लकडी पुलाला आता लाकूड नाही, पण त्यानं कुणी फसत नाही, पूल डोळ्यांना दिसतो. फंक्शनच्या पोटातला लॉक दिसत नाही. म्हणून खोट्या कमेंटपेक्षा कोरी जागा बरी, आणि कोड बदलणाऱ्यानंच त्याच पॅचमध्ये कमेंट बदलायची. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमवाले मॅन पेजमधली (माहितीच्या पानातली) चूक हा गंभीर बगच मानतात. ते काय कारकून आहेत?

तुमच्या प्रश्नाकडे येतो. कर्नलनं २०१६ मध्ये, ४.८ पासून, डॉकबुक सोडून स्फिंक्सकडे जायला सुरुवात केली (दोन्ही डॉक्युमेंटेशन तयार करायच्या पद्धती). कर्नलच्या सोर्समध्ये 'मेक एचटीएमएलडॉक्स' ही कमांड चालवा, इशाऱ्यांची रांग लागेल. अमुक पॅरामीटरचं वर्णन नाही, तमुक नाव जुळत नाही. त्यातले रोज हाताखालून जाणाऱ्या सबसिस्टमचे (कर्नलच्या भागाचे) इशारे उचला, दुरुस्त करा, आणि कुठला भाग कोण सांभाळतं ते सांगणाऱ्या गेट-मेंटेनर स्क्रिप्टला विचारून योग्य माणसाला पाठवा. पण टूल एवढंच पकडतं. 'कॉन्टेक्स्ट'ची ओळ खोटी आहे हे कुठलंही टूल सांगत नाही, त्यासाठी लॉकिंग समजणारा माणूस बसावा लागतो. खरं काम ते. नुसत्या स्पेलिंगच्या दुरुस्त्या दोन-तीन पुरे, त्यावर रेझ्युमे उभा करू नका.

करिअरचं म्हणाल तर एचआरला यातलं काही कळणार नाही. मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा उमेदवाराचे पॅच उघडून बघतो, कमेंट दुरुस्त करताना त्यानं कोड वाचलाय का ते लगेच दिसतं. सगळेच असं बघतात असं नाही.

आणि हो, लीड अगदीच हवेत बोलत नव्हते. डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणाऱ्या माहितीच्या) बाइंडिंगचा दस्तऐवज वेगळ्या पॅचमध्येच पाठवायचा असतो, ड्रायव्हरच्या आधी. बहुधा तोच नियम त्यांनी इथे लावला. पण बाइंडिंग हे हार्डवेअरचं वर्णन, ड्रायव्हर कुठलाही असो. फंक्शनच्या डोक्यावरची कमेंट फंक्शनवेगळी कशी होईल? सर, हे वाचत असाल तर याचं उत्तर अजून तुमच्याकडे बाकी आहे.