कॉज आणि रीझन, दोन्हीला 'कारण'च म्हणायचं का?

प्रश्न : सर, मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्लिशला. महापुरावर इंग्लिशमधून दहा ओळी लिहायच्या होत्या, तिनं कॉज, रीझन, इफेक्ट, कॉन्सिक्वेन्स सगळं ठोकून दिलं आणि वहीभर लाल गोल घेऊन आली. डिक्शनरीत पहिल्या दोन्हींना कारण, बाकीच्यांना परिणाम. मग फरक काय?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, विषयच असा मिळालाय की त्यातच सगळं समजतंय बघा. ऑगस्ट २०१९ ला धरण क्षेत्रात धो धो पाऊस झाला आणि पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पार ५५ फुटांच्या वर गेली. ज्याच्यामुळं घडलं तो पाऊस म्हणजे कॉज. रीझन म्हणजे आपण सांगतो ते कारण. पाणी अंगणात आलं तरी म्हातारा घर सोडायला तयार नाही, का तर म्हैस दावणीला आहे, तर ती म्हैस त्याचं रीझन, तिला कॉज म्हणून चालणार नाही. आणि कॉजच्या पुढं ऑफ येतं, रीझनच्या पुढं फॉर, तिचे निम्मे गोल इथंच आले असणार.

इफेक्ट म्हणजे एखाद्या गोष्टीवर झालेला बदल, पाणी उतरल्यावर भिंतीला महिनाभर ओल राहते तसा. कॉन्सिक्वेन्स हा सीक्वेन्सच्या घरातलाच शब्द, मागोमाग येतं ते, आणि बहुतेक वेळा वाईटच. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, गाड्या अडकल्या, मग शहरात दूध मिळेना, पेट्रोल मिळेना, असं एकातनं एक येत गेलं ते कॉन्सिक्वेन्सेस. रिझल्ट साधा, परीक्षेलाही चालतो. आउटकम मात्र शेवटपर्यंत काय होईल सांगता येत नाही तिथं शोभतो, निकाली कुस्ती सुटल्यावर कळतं तसा.

अफेक्ट हे क्रियापद, इफेक्ट नाम, एवढं धरलं तरी शाळेपुरतं भागतं. 'द फ्लड अफेक्टेड अवर शॉप', पण 'द इफेक्ट ऑफ द फ्लड'.

आणि बिकॉजपुढं पूर्ण वाक्य, बिकॉज ऑफपुढं नुसतं नाव. 'बिकॉज इट रेन्ड', 'बिकॉज ऑफ द रेन'. 'द रीझन इज बिकॉज' असं आमच्या क्लासला निम्मी पोरं लिहितात, त्यात कारण दोनदा येतं, तिला 'द रीझन इज दॅट' लिहायला सांगा.